वायपी लिहिलेली वायजी: मामांसोबत एक रविवार

गेल्या रविवारी मामांना घेऊन जालन्याहून पूर्णेकडे निघालो. मामा पूर्णेच्या इंजिन शेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे होते, आता गुडघे दुखतात, पण गाडी म्हटलं की अजूनही तासभर आधी स्टेशनवर. खिडकी त्यांचीच. परतूर गेलं, सेलू गेलं, मानवत रोडला चहा घेतला आणि तिथून जे बोलायला लागले ते थांबेचनात, की ही सगळी निजामाच्या काळातली मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेली लाईन, १९०० च्या आसपास टाकलेली, मनमाड ते थेट सिकंदराबाद, आणि आता मोठी लाईन (ब्रॉडगेज) झाल्यावर त्या काळाचं काय उरलंय तर रंग फासून चौथऱ्यावर उभी केलेली एखाददुसरी इंजिनं.

त्यातलंच एक बघायला चाललो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. स्टेशनच्या आवारात बाग, बागेत चौथरा, चौथऱ्यावर कोळशाचं इंजिन, काळा-लाल ऑइलपेंट मारलेला आणि कॅबवर पांढऱ्या अक्षरात छान ‘वायपी’ लिहिलेलं. मामा गेटमधूनच ओरडले, "हे कोण लिहिलंय? ही वायपी नाही रे, वायजी हाय!"

मी म्हटलं मामा, इतक्या लांबून कसं ओळखलं? तर म्हणले, "चाकं मोज."

मोजली. एका बाजूने पुढे एक छोटं, मग चार मोठी, मागे एक छोटं. म्हणजे दोन्ही बाजू धरून टू-एट-टू. वायपी असती तर पुढे दोन छोटी, मग तीन मोठी, मग एक छोटं, म्हणजे फोर-सिक्स-टू. नावातच सगळं आहे म्हणा, पहिला वाय म्हणजे मीटरगेज (मोठ्या लाईनला डब्ल्यू, नॅरोगेजला झेड), दुसरं पी म्हणजे पॅसेंजर आणि जी म्हणजे गुड्स. पॅसेंजरच्या इंजिनाला पळायचं असतं म्हणून मोठी चाकं कमी पण उंच, साडेचार फुटांची, आणि मालगाडीच्या इंजिनाला ओढायचं असतं म्हणून चाकं जास्त पण बुटकी, चार फुटांची. वायपी एकूण ८७१ बनल्या, पहिल्या काही अमेरिकेतल्या बाल्डविनच्या, नंतर बऱ्याच आपल्या टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) जमशेदपूरच्या. वरचा भाग दोघींचा इतका सारखा दिसतो की नवख्या माणसाची चूक होणारच, पण रंगवायच्या आधी कुणीतरी शेडमधल्या एखाद्या जुन्या खलाशाला विचारायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. इंजिनाखाली मुलांना उभं करून आईबाप फोटो काढतात आणि ती मुलं चुकीचं नाव घेऊन घरी जातात.

कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी तर केव्हाच गेलेली, चार बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती. मामांनी हार मानली नाही, कनेक्टिंग रॉडवरून, म्हणजे चाक फिरवणाऱ्या लांब दांड्यावरून बोट फिरवत गेले, म्हणले मोबाईलची बॅटरी लाव, समोरून नको, आडवी धर. आडवा उजेड पडला आणि रंगाच्या पाच-सहा थरांखालून ठोकलेले आकडे सावलीसारखे वर आले! मी वहीचा कागद लावून पेन्सिल घासून ठसा घेतला. पण गंमत बघा, कॅबवर रंगवलेला नंबर वेगळा आणि रॉडवरचा वेगळा. मामा म्हणले, शेडमध्ये असं व्हायचंच, एका इंजिनाचा रॉड खराब झाला की उभ्या असलेल्या दुसरीचा काढून लावायचे, म्हणून एका आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, दोन्ही बाजूंचे रॉड बघायचे आणि सगळे लिहून ठेवायचे.

नंबरापेक्षा मला जास्त वाईट वाटलं ते धुराड्याचं. वरून उघडंच. पावसाचं पाणी सरळ स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या धुराच्या डब्यात, तिथे जुनी राख, आणि राख ओली झाली की लोखंड आतून खाते. खाली तांबूस ओघळ आलेलेच होते. बाहेरून दरवर्षी रंग मारण्यापेक्षा धुराड्यावर पत्र्याचं झाकण, आतली राख साफ, टेंडरच्या (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) तळाला पाणी निघायला भोक आणि रॉडला ग्रीस, एवढं केलं तरी खूप.

परतीच्या गाडीत बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचा विषय निघाला. आजोळ लातूरचं, त्यामुळे ती तर घरचीच, अडीच फुटी लाईन, कॅल्थ्रॉप नावाच्या साहेबाने बांधलेली, १८९७ ला बार्शीपर्यंत आणि १९११ ला लातूरला पोहोचलेली. रूळ हलके, एका आसावर ५ टनच वजन चालायचं, म्हणून एवढ्याशा इंजिनाला ढीगभर चाकं. मामा म्हणले, पुढच्या खेपेला कुर्डुवाडीला जाऊ, तिथे वर्कशॉप आहे, कुणीतरी जुनं माणूस भेटेलच.

परभणी यायच्या आत मामांनी वही मागून घेतली आणि ठशाखाली त्यांच्या किरट्या अक्षरात लिहिलं: डावा रॉड बघितला नाही, झुडूप होतं.