चहा का सोडलात?

तुम्ही विचारलंत म्हणून. एरवी "अॅसिडिटी होते" म्हणून मी सुटते, आणि समोरची बाई "मग अर्धा कप तरी घ्या" म्हणते.

चहाने मला काहीही होत नाही. नागपूरच्या नळाच्या पाण्याचे, दूध घातलेले दोन कप कुणाचं काही बिघडवत नाहीत, हेही ठाऊक आहे.

आम्ही तेव्हा यवतमाळच्या केळापूर तालुक्यात होतो. पाणी हापशीचं, नितळ, चवीला गोड. लेक दोन वर्षांची असताना गॅस्ट्रोची साथ आली. डॉक्टर म्हणाले, उकळून प्या. साथ गेली तरी मी चार वर्षं उकळत राहिले. चुलीवरचं पातेलं विसरलं की पाणी पार आटायचं. उकळल्याने जंतू मरतात. पण त्या पाण्यात फ्लोराइड होतं, जास्त झालं की घडत्या दातांना बाधणारं. ते उकळून कुठे जात नाही, पाणी तेवढं वाफ होऊन जातं. त्याच पाण्यात वरण, त्यातच भात. दूध डेअरीला जायचं, म्हणून पोरीला सकाळी कोरा चहा आणि पोळी. चहाचं झाड मातीतलं फ्लोराइड ओढून पानांत साठवतं, हे मला कुठे माहीत! आधीच आटलेलं पाणी, त्यात पत्ती, वर पुन्हा उकळी. आणि मी शेजारणींना ऐकवायचे, आमच्याकडे उकळूनच पितात हो.

सातव्या वर्षी पुढचे दात आले ते खडूसारखे, रेघारेघांचे. हळूहळू तपकिरी झाले. शाळेत पोरं विचारत, तंबाखूचा खर्रा खातेस का? मी म्हणायचे, घासत नाहीस नीट. एका सकाळी मान धरून मीच मीठ-राखेने घासले. हिरड्यांतून रक्त आलं तरी थांबले नाही. "आई, रोज घासते गं मी," ती म्हणत होती. मुळातला बिघाड वरचा नव्हताच. दात हिरडीच्या आत घडत होते तेव्हाच तो बसला होता.

पाणी तपासलं ते त्यानंतर. फ्लोराइड लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर. मर्यादा १, दुसरी सोयच नसेल तर १.५. चुना-तुरटीने फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने १९७०च्या दशकातच बसवली होती. आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर.

मग माझा काय दोष? साथीत कच्चं पाणी पाजायचं होतं? उद्या तशी वेळ आली तर पातेलं चढवीनच. पण गावातल्या निम्म्या पोरांचे दात तसेच होते, आणि मला त्यांच्या आया आळशी वाटायच्या. त्याचं काय करू?

मी चहा सोडून तिचे दात पांढरे होणार नाहीत, हे नवऱ्याने सांगून झालंय. तिने तर सोडलाच नाही. कुणाकडे गेलो की माझ्यापुढचा कप ती ओढते, आणि दोन्ही पिते.