ओठ नसलेल्याची भाषा

मराठी भयकथेत परग्रहावरचा जीव बोलू लागला की एक चूक हमखास होते: नावानावांत पेरलेले अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षरांमध्ये टांगलेलं ’ हे चिन्ह. अमेरिकी भयकथाकार लव्हक्राफ्टच्या १९२८ साली छापून आलेल्या 'द कॉल ऑफ क्थुल्हू'मध्ये ते काम करतात, कारण इंग्रजी वाचक तिथे खरोखर अडखळतो. देवनागरीत उच्चार बहुतेक अक्षरागणिक ठरलेला. वाचक ते चिन्ह ओलांडून सरळ पुढे जातो.

त्याला अडवायचं तर मराठी जिभेची सवय मोडायला हवी. आपल्या शब्दांची सुरुवात ळ किंवा ङ ने होत नाही. 'काळोख' सहज म्हटलं जातं. 'ळाख' म्हणताना जीभ क्षणभर जागा शोधते. तो क्षण आपल्या कामाचा. ण मात्र जपून वापरा, सुरुवातीच्या ण ने 'णमो' आठवतं आणि जीव प्राकृत बोलू लागतो. नुसत्या ळ चा मारा केला तर दक्षिणेकडची भाषा वाटते, ह्रीं-क्लीं आले की मांत्रिक. आणि मालवणी वेडीवाकडी करून परग्रही बोली बनवणं मला अजिबात पटत नाही. ती माणसांची भाषा आहे.

आधी शरीर ठरवा. खाडीच्या चिखलातून वर येणाऱ्या या जिवाला ओठ नाहीत असं धरू. लगेच प, फ, ब, भ, म, व बाद. उ, ओ, औ म्हणताना ओठ गोल होतात, म्हणून तेही गेले. उरलेल्यांतली आठच व्यंजनं घ्या: ङ, ळ, ग, थ, ह, र, ज, य. स्वर तीन: अ, आ, इ. पाच हजार शब्दांच्या कथेला दहा-बारा परके शब्द भरपूर होतात.

व्याकरणात काळ नकोत, भरती आणि ओहोटी पुरे. शब्दाच्या शेवटी चढत्या पाण्याला 'इङ', उतरत्याला 'आह'. 'ळाग्थिङ' म्हणजे वर येतंय, 'ळाग्थाह' म्हणजे मागे सरतंय. हे दोन शब्द पाण्याकडे बघत असलेल्या पात्राच्या कानावर दोन-तीनदा पडू द्या, अर्थ कुठेही सांगू नका. मग एका रात्री ओहोटी लागलेली, होड्या चिखलात टेकलेल्या, आणि अंधारातून 'ळाग्थिङ'. तळटीप दिलीत तर हे सगळं मेलं. कथा चार रात्री चालणार असेल तर भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे ढकला. विसरलात तर किनाऱ्यावरचा वाचक ही चूक पहिल्यांदा पकडतो.

लिहिताना खरा त्रास अ चा. मराठी वाचक शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. 'ङळथ' लिहिलं तर थ् च ऐकू येतो. अ हवाच असेल तर आ करा, मधला नको असेल तर अक्षराचा पाय मोडा. ङ ची जोडाक्षरं काही फॉन्टांत एकाखाली एक बसतात, काहींत हलन्त दाखवतात, तेव्हा छपाईआधी पान बघाच. शब्दयादी मुद्रितशोधकाला आधी द्या, नाहीतर तो प्रामाणिकपणे सगळं 'दुरुस्त' करून ठेवील.

लिपीसाठी कोकणातल्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारांवरच्या, कातळशिल्पांना हात लावू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा तो प्रचंड हत्ती, त्याच्या अंगात कोरलेले इतर प्राणी, ही चित्रं आहेत, अक्षरं नव्हेत. आणि ती माणसांनीच कोरली आहेत.

त्यापेक्षा गाऱ्हाणं घ्या. एक जण देवाला साकडं घालतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ही लय कोकणातल्या वाचकाच्या अंगात मुरलेली असते. वरचे नियम इथे लावा: व गळला, म चा ङ झाला. पहिल्या दोन वेळा 'व्हय म्हाराजा' स्वच्छ येऊ द्या. तिसऱ्या वेळी घोळक्याच्या मागच्या बाजूने एकच आवाज:

'हय ङ्हाराजा.'

ठळक टाइप नको, उद्गारचिन्ह नको. कुणालाही मागे वळून बघायला लावू नका, गाऱ्हाणं तसंच पुढे चालू राहू दे.