नांगर तयार

जहाजावर माझी वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बारा ते चार. नोव्हेंबर संपत आला होता. अमेरिकेतल्या मिलवॉकीत धान्य भरून आम्ही लेक मिशिगनमधून उत्तरेला चाललो होतो. तळ्यांतून समुद्रात नेणारा सेंट लॉरेन्सचा जलमार्ग डिसेंबरअखेर बंद होतो. त्याआधी बाहेर पडलं नाही तर जहाज हिवाळाभर आतच. त्यामुळे ऑफिसची ‘कधी पोहोचणार?’ ही ईमेल दिवसातून तीनदा. ऑफिसात हीटर असतो.

तळं म्हणून हसू नये. समुद्राची लाट लांब असते, जहाजाला चढा-उतरायला उसंत देते. इथल्या लाटा आखूड, उभ्या, एकीच्या पाठीवर दुसरी. त्यात पाणी गोडं. खारं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं, हे शून्यालाच. वारा समोरून, नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकावर, फवारा उडाला की तिथेच बर्फ. सकाळी मनगटाएवढं रेलिंग दुपारी मांडीएवढं झालं होतं.

किनाऱ्यावरचं टू रिव्हर्स गाव ओलांडलं आणि इंजिनचा वेग पडला. डोलण्याने टाकीच्या तळचा गाळ ढवळून इंधनाचे फिल्टर तुंबले होते. कप्तान म्हणाले, नांगराशी माणसं पाठव. मी लॉगमध्ये वेळ टाकली, १४५०. खलाशांचा मुकादम, देवगडचा बोसन, वॉकीटॉकीवर ओरडला, “साहेब, हय नुसतो बरफ! ब्रेक हलणा नाय!”

निघताना चेकलिस्टवर ‘नांगर तयार’पुढे टिक मी मारली होती. विंडलासवर, म्हणजे नांगर सोडा-ओढायच्या यंत्रावर, ताडपत्री आहे का, हे पुढे जाऊन बघितलं नव्हतं.

वीस मिनिटं आम्ही वाहत होतो. वाट दाखवायला जहाजावर असलेल्या पायलटने डावीकडच्या किनाऱ्याकडे बोट केलं आणि ‘राऊझ सिमन्स’चं नाव घेतलं. १८६८ची तीन डोलकाठ्यांची लाकडी स्कूनर, म्हणजे शिडाचं जहाज. कप्तान हर्मन श्यूनेमन शिकागोला नाताळची झाडं विकायला न्यायचा. २२ नोव्हेंबर १९१२ला मिशिगन राज्यातल्या थॉम्पसनहून निघाला, हजारो झाडं भरून, डेकवरसुद्धा. त्याचा ऑगस्ट नावाचा भाऊ १८९८मध्ये असाच झाडं नेताना बुडाला होता, तरीही. लोक ‘नाताळच्या झाडांचं जहाज’ म्हणून तिची गोड गोष्ट करतात. डेकवर रचलेल्या त्या फांदीफांदीवर किती बर्फ धरला असेल, हे कुणी सांगत नाही. एक घनमीटर बर्फ म्हणजे नऊशे किलो.

माझे आजोबा मंगळुरी कौलांच्या गलबतावर तांडेल होते. पावसाळ्यात गलबत ओढून झापांनी शाकारलं की नारळी पौर्णिमेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. श्यूनेमनला ती सोय नव्हती, नाताळ काही पुढे ढकलता येत नाही.

नंतर वाचलं ते डोक्यातून जात नाही. श्यूनेमन निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी याच किनाऱ्यावरच्या केवॉनीच्या जीवरक्षक ठाण्याच्या प्रमुखाला ती स्कूनर दिसली, झेंडा अर्ध्यावर, म्हणजे संकटाची खूण. वेळ दुपारी २.५०. त्याच्याकडे मोटरबोट नव्हती. त्याने टू रिव्हर्सला फोन केला, तिथली बोट लगेच निघाली, अंधार पडेपर्यंत शोधत राहिली. काहीच सापडलं नाही. १९२४मध्ये मच्छीमारांच्या जाळ्यात कप्तानाचं पाकीट आलं. १९७१मध्ये एका पाणबुड्याला सुमारे पन्नास मीटर खोल जहाज सापडलं, तेव्हा पोटात झाडं होती.

आमचं इंजिन पुन्हा लागलं. विंडलास मोकळा करायला बोसन आणि तिघांना दोन तास लागले, लाकडी हातोडे आणि मीठ घेऊन. संध्याकाळी मी चेकलिस्ट काढून ती टिक खोडायला गेलो, तर चीफ ऑफिसरने कागद काढून घेतला. म्हणाला, पुढच्या बंदरात ऑडिट आहे, खाडाखोड नको.