'एकच ओढतो' म्हणालो होतो (माझा अनुभव)

अनंत चतुर्दशी, २०२३. म्हणजे तशी दुसऱ्या दिवसाची पहाट, पाच-साडेपाच वाजलेले. गिरगाव चौपाटीवर आमच्या चाळीच्या मंडळाचा गणपती पाण्यात गेला, आम्ही पाच-सहा जण पाट घेऊन ओल्या वाळूत बसलो, घसा बसलेला, पायाला फोड, कानात अजून ढोल वाजतोय, आणि शेजारच्या मित्राने पाकीट पुढे केलं. मला सिगरेट सोडून सात महिने झाले होते. तलफ अजिबात नव्हती हे मुद्दाम सांगतोय. टेन्शन नव्हतं, भांडण नव्हतं, उलट इतकं मस्त वाटत होतं की विचारू नका. म्हणालो दे, एकच ओढतो. ओढली, गरगरल्यासारखं झालं, चव पण घाण लागली, आणि डोक्यात आलं की वा, आता आपल्याला आवडतच नाही, म्हणजे आपण सुटलो.

दसऱ्याला दिवसाला तीन होत्या. दिवाळीत परत दहा-बारा.

सोडायचा तसा मला भरपूर अनुभव आहे. १६ वर्षं ओढली आणि त्यातली निम्मी वर्षं तरी श्रावणात सोडायचो. गटारीला शेवटची, मग महिनाभर मटण बंद, दारू बंद, सिगरेट बंद, आई खुश. भाद्रपद लागला की परत टपरी. त्याला मी 'सोडली होती' म्हणायचो पण ती शाळेसारखी सुट्टी होती, कधी संपणार ते पहिल्या दिवसापासून माहीत, म्हणून त्रासही कमी व्हायचा. खरी सोडली तेव्हा कळलं की संपायची तारीख नसली की डोकं कसं वागतं ते.

आत्ताची सोडली जून २०२४ मध्ये, मृगाच्या आठवड्यात. अक्कल बघा! मुंबईत पहिला पाऊस, टपरीवर ताडपत्रीखाली पाच माणसं दाटीवाटीने उभी, हातात कटिंग, आणि मी त्या आठवड्यात सोडतोय. पहिले तीन दिवस बेक्कार गेले, चिडचिड, झोप नाही, बायकोवर ओरडलो, मुलीवर ओरडलो, ऑफिसात एका मेलला असं उत्तर दिलं की बॉसने बोलावून विचारलं घरी सगळं ठीक ना. नंतर हळूहळू उतरलं, तीन-चार आठवड्यात बरंच निवळलं. तलफ येते ती तीन ते पाच मिनिटं टिकते असं वाचलं होतं, मी ते स्लो लोकलवर मोजायचो. डोंबिवली ते ठाकुर्ली एक तलफ. फार झालं तर कल्याण. खरंच जाते, फक्त त्या वेळात हातात काहीतरी पाहिजे, मी शेंगदाणे खायचो, त्याने नंतर पाच किलो वजन वाढलं तो भाग वेगळा.

निकोटीनची च्युइंगम पण घेतली, २ एमजीची. आधी ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावली आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये उचक्या लागल्या, वर ॲसिडिटी. मग मेडिकलवाल्याने सांगितलं की अहो चावायची नसते, दोन-चारदा हळू चावा, जीभ झिणझिणली की गालात दाबून ठेवा, झिणझिणी गेली की परत चावा. आणि तिच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी-कोल्ड्रिंक नको, नाहीतर नीट लागूच होत नाही. हे मला २०२३ मध्ये माहीत असतं तर बरं झालं असतं, तेव्हा दोन गोळ्या खाऊन 'हे काय कामाचं नाही' म्हणून फेकल्या होत्या.

अजून एक गोष्ट आमच्या डॉक्टरांनी सांगितली ती फार उपयोगी पडली. दुसऱ्या आठवड्यात छाती धडधडायची, हात थरथरायचे, मला वाटलं हे सिगरेट नसल्यामुळे, एक ओढली तर बरं वाटेल. डॉक्टर म्हणाले चहा-कॉफी किती घेता? म्हटलं सहा-सात कप, आधीपासून तेवढेच. तर म्हणे सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन पटापट संपवत असतं, धूर बंद झाला की तेच कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं, म्हणून तेवढाच चहा आता डबल लागतोय. निम्मा केला आणि चार दिवसात थरथर गेली. खोकल्याचं पण तसंच, सोडल्यावर काही दिवस खोकला वाढला, आणि ऑफिसातले एक काका म्हणाले बघ, शरीराला सवय झालेली असते, एकदम सोडू नये. खरं तर फुप्फुसं साफसफाईला लागतात म्हणून होतं ते. पण असं कोणीतरी सांगणारं भेटतंच आणि आपल्याला ते ऐकायचंच असतं.

बरं, आता मुद्द्याचं. २०२३ ला मी का पडलो यावर खूप डोकं खाजवलं आणि लक्षात आलं की माझी सगळी तयारी वाईट दिवसांसाठी होती. चांगल्या दिवसांसाठी काहीच नव्हती. आणि जागांसाठी पण नव्हती. मी करी रोडला उतरून लोअर परेलला चालत जायचो, त्या रस्त्यावर माझ्या तीन टपऱ्या, त्यातल्या एका टपरीवरचा भैय्या मला लांबून बघूनच सिगरेट काढून ठेवायचा, मी पोचेपर्यंत हातात. सोडल्यावर पण काढून ठेवायचा! त्याची काय चूक. तर ह्या वेळी मी करी रोड सोडलं. परळला उतरून पुलावरून प्रभादेवीच्या बाजूला जायचो आणि तिथून सेनापती बापट मार्गाने चालत, दहा मिनिटं जास्त, दोनदा लेट मार्क लागला, पण त्या रस्त्यावर मला कोणी ओळखत नव्हतं. टपऱ्या तिथे पण आहेतच म्हणा, मुंबईत टपरी नाही असा रस्ता दाखवा. पण ती 'माझी' टपरी नव्हती.

सुट्ट्या सिगरेटबद्दल तर बोलायलाच हवं. महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तुम्हाला माहीत होतं? मलाही नव्हतं, कारण त्यानंतरही मी सर्रास सुटी घेत होतो. आणि परत अडकायचं दार म्हणजे ही सुटी. पाकीट घ्यायला लाज वाटते, पाकीट घेतलं म्हणजे आपण परत सुरू केलं हे स्वतःला मान्य करावं लागतं. सुटी तेव्हा, २०२३ ला, अठरा-वीस रुपयात, दोरीला टांगलेला लायटर, खिशात पुरावा काही नाही. दसरा ते दिवाळी मी एकदाही पाकीट घेतलं नव्हतं आणि बायकोला छातीठोकपणे सांगत होतो की मी ओढत नाही, कधीतरी एखादी.

आता खरी परीक्षा. नोव्हेंबर २०२४, पाचवा महिना. बाबांना ॲडमिट केलं, हॉस्पिटल परळ भागातलंच, रात्री मी थांबायचो. दुसऱ्या रात्री दोन वाजता डॉक्टर काहीतरी बोलून गेले, मला अर्धं कळलं अर्धं नाही, खाली आलो, गेटसमोर सायकलवर चहा-सिगरेट विकणारा पोऱ्या उभा होता. विचार वगैरे काही केला नाही. हात पुढे गेला, सिगरेट आली, ओढली. पूर्ण. ही मात्र चक्कर न येता ओढली गेली, तेच वाईट वाटलं.

आणि मग जे होतं ते मला २०२३ मुळे ओळखीचं होतं. लगेच डोकं म्हणतं, गेलं ना पाच महिन्यांचं पाण्यात, आता काय, आता हे हॉस्पिटल संपेपर्यंत ओढ, मग नव्याने सोडू, एक तारखेपासून. एक तारीख! आपल्याकडे सगळं एक तारखेपासून. मी त्या पोऱ्यासमोरून हललो, कॅज्युअल्टीच्या बाकावर बसलो आणि बायकोला मेसेज केला, 'एक ओढली. आत्ता. खाली आलो होतो.' ती जागीच होती. तिने लिहिलं, 'बरं. बाबा कसे आहेत? पाणी पी आणि वर जा.' एवढंच. जर तिने तेव्हा प्रवचन दिलं असतं ना तर मी खरंच परत खाली गेलो असतो.

सकाळी आठनंतर तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लावला, १८००-११-२३५६. हा सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, त्या भयानक फोटोजवळ, मी वर्षानुवर्षं पाकीट हातात धरून तो कधी वाचला नव्हता. सोडतानाही एकदा लावला होता. फोन फुकट आहे. बाई हिंदीत बोलल्या, ओरडल्या नाहीत, विचारलं कितनी पी? एक? तो पाँच महीने में एक पी, ये लिखिए. पुढचे तीन दिवस चहाला खाली जायचं नाही, थर्मास वर न्यायचा, आणि गम परत सुरू करा असं सांगितलं. नंतर त्यांनी स्वतःहून फोन पण केले. मी दिवस मोजणं तेव्हा सोडून दिलं, कारण शून्यापासून मोजायचं म्हटलं की मला ते परत एक तारखेसारखं वाटायला लागतं. बाबा आठव्या दिवशी घरी आले. त्या आठ दिवसात अजून एक पण नाही. त्या पोऱ्याकडून शेवटच्या दिवशी बिस्किटं घेतली, तो म्हणाला साहेब सिगरेट नको? म्हटलं नको.

त्यानंतरचे महिने कंटाळवाणे होते, सांगण्यासारखं काही नाही. मध्येच कधीतरी पाऊस, कधी कोणीतरी माचीस पेटवल्याचा वास, पोटात काहीतरी हलायचं आणि जायचं. मित्रांमध्ये मात्र गंमत आहे, जे अजून ओढतात ते कधी आग्रह करत नाहीत, उलट धूर दुसरीकडे सोडतात. आग्रह करतात ते 'कधीतरी एखादी'वाले, त्यांना सोबत हवी असते. त्यांच्याबरोबर पार्टीला बसणं मी वर्षभर टाळलं, दोघं रुसले, एक अजून रुसलेला आहे.

विसर्जनाला २०२४ ला गेलोच नाही, कारण सांगितलं पोटदुखीचं. मंडळात कोणाला पटलं नाही. २०२५ ला गेलो. जायच्या आधी बायकोशी ठरवून ठेवलं होतं की बाप्पा पाण्यात गेला की वाळूत बसायचं नाही, सरळ निघायचं, आणि निघाल्यावर मिस्ड कॉल द्यायचा. आणि तोच मित्र, तीच जागा, पाकीट पुढे. सवयीने केलं त्याने, मग त्याच्याच लक्षात आलं आणि हात मागे घेत म्हणाला, अरे सॉरी. मला फार वाटलं बसावं. तलफ अशी नाही, ते पाच जण बसले होते त्यांच्यात बसावं असं. दोन मिनिटं उभा राहिलो, पाट उचलायला हात लावला, मिस्ड कॉल दिला आणि चालत सीएसएमटी गाठलं. लोकलमध्ये सगळे गुलालाने माखलेले, अर्धे झोपलेले, मी पण भांडुपनंतर झोपलो आणि थेट कल्याणला उठलो.

बॅगेच्या साईडच्या कप्प्यात अजून त्या गमची एक पट्टी आहे, चार गोळ्या उरलेल्या, एक्सपायरी होऊन गेली. बायको म्हणते टाकून दे. म्हटलं असू दे.