तुम्ही विचारलंत म्हणून: तूप मी मोजून खातो, मग कोलेस्टेरॉल माझंच का वाढलं?

रक्ततपासणीचा अहवाल पुढे करून हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. गेल्या महिन्यात दोन सख्ख्या भावांनी आपापले अहवाल माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पथ्य पाळणाऱ्या थोरल्याचे एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १६२ होते, भज्यांना कधीही नाही न म्हणणाऱ्या धाकट्याचे १०४. दोघांची वजने जवळपास सारखी होती आणि थायरॉइड व साखर ठीक होती, त्यामुळे नेहमीचे संशयित तिथेच बाद झाले.

शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतःच तयार करते. रक्तातले एलडीएल उचलून घेण्याचे मुख्य काम यकृताच्या पेशींवरील रिसेप्टर करतात. हे रिसेप्टर किती असावेत आणि किती काळ टिकावेत, यात अनेक जनुकांचा हात असतो. युरोपीय वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासातून २०१० साली रक्तातील स्निग्ध पदार्थांवर परिणाम करणारी ९५ जनुकीय स्थाने समोर आली. त्यांतल्या बहुतेकांचा एकट्याचा परिणाम अगदी थोडा असतो, पण कुणाच्या वाट्याला वाढवणारे फरक जास्त येतात, तर कुणाच्या वाट्याला कमी करणारे. सख्ख्या भावंडांनाही एकाच जोडातले पत्ते पिसून वेगवेगळे वाटले जातात.

एपीओई हे जनुक मात्र यात उठून दिसते. त्याचे ई२, ई३ आणि ई४ असे तीन प्रकार आढळतात आणि त्यांच्या प्रथिनांत फरक असतो तो केवळ दोन जागांवरील अमिनो आम्लांचा. कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचे ई२ प्रथिन रिसेप्टरला नीट चिकटत नाही, त्यामुळे यकृताला कोलेस्टेरॉलचा पुरवठा कमी पडतो, ते अधिक रिसेप्टर तयार करते आणि रक्तातले एलडीएल उतरते. ई४च्या बाबतीत नेमके उलटे घडते. (ई२ म्हणजे निव्वळ वरदान असेही नाही, दोन्हीकडून ई२ मिळालेल्या काही जणांत वेगळाच विकार उद्भवतो.)

परिणाम थोडा म्हणून जनुक बिनमहत्त्वाचे, असे मात्र समजू नये. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करते, त्याच्या जनुकातील सर्रास आढळणारे फरक एलडीएलमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅमचा बदल करतात. तेच विकर औषधाने रोखले की एलडीएल पुष्कळ खाली येते. शिवाय जन्मापासून मिळालेल्या थोड्या घटीचेही मोल मोठे असते. पीसीएसके९ हे प्रथिन रिसेप्टर नष्ट करवते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, या प्रथिनाच्या जनुकातील एका फरकामुळे सुमारे ३ टक्के गोऱ्या सहभागींचे एलडीएल सरासरी १५ टक्के कमी होते, पण त्यांच्यातील हृदयविकाराचे प्रमाण तब्बल ४७ टक्क्यांनी कमी आढळले.

एलडीएल १९० च्या पुढे असेल, तर मी वडिलांना झटका कितव्या वर्षी आला हे आधी विचारतो, कारण साधारण अडीचशेत एकाला असणारा एकाच जनुकाचा ठळक दोष तिथे संभवतो. या भावांच्या घरी तसे काही नव्हते. "मग तूप सुरू करू का?" थोरल्याने विचारले. मी नाही म्हणालो. पथ्य सोडले तर १६२ चा आकडा आणखी चढेल. धाकटा खुशीत अहवालाची घडी घालत होता. त्याला एवढेच सांगितले की मुलांचे रक्त वेगळे तपासून घ्या, कारण तुमच्या पत्त्यांपैकी निम्मेच त्यांच्याकडे गेले आहेत, आणि कोणते ते या कागदावर लिहिलेले नाही.