तो टेन्शनर आम्ही बसवला नव्हता

नाशिकला वडाळा नाक्याजवळ १९९९ साली आमचं गॅरेज सुरू झालं. पत्र्याची शेड, एक खड्डा, माझी फिटरकी आणि चाचांचा हात, एवढंच भांडवल. चाचा आमचे पहिले भागीदार. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांखाली त्यांची उमर गेलेली. पद्मिनीला टायमिंगची साखळी. क्रँक पिस्टन हलवते, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडते, आणि दोघींचा ताल ही साखळी जुळवते. ती सैल झाली की आधी खडखडून सांगते. इंडिका डिझेलचं पुढचं कव्हर पहिल्यांदा काढलं आणि आत साखळीच्या जागी रबरी पट्टा दिसला, तेव्हा चाचा एवढंच म्हणाले, "ये तो बिना बोले मारेगा."

पट्टा चढवल्यावर चाचा कुणाला चावीला हात लावू देत नसत. क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमशाफ्टचा एक, तेव्हा खुणा परत जुळल्याच पाहिजेत. मध्ये कुठे पाना अडला तर जोर करायचा नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलाय म्हणून समजायचं. हाताने टेकला तर बचावतो, स्टार्टरने टेकला तर वाकतो. लोक व्हाइटनरने खुणा करून भागवायचे त्या दिवसांत आम्ही इंजिन जागेवर अडकवून धरणाऱ्या लॉकिंग पिना आणि बोल्ट मोजक्या जोराने आवळणारा चांगला टॉर्क रेंच घेतला. घरी बोलणी बसली. तो रेंच अजून त्याच डब्यात असतो आणि त्याने कुणी बोल्ट सोडवायला घेतला तर मी आजही ओरडतो. तो आवळायचा रेंच आहे.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००७ साली लोगन गाडी आली. आमच्या नाशिकच्याच कारखान्यात जुळणी, १४६१ सीसीचं फ्रेंच डिझेल इंजिन, अॅव्हरेजला जबरदस्त. टूरवाल्यांनी उचलून धरली. पण हे इंजिन माफ करणारं नाही. पट्टा गेला की कॅमशाफ्ट जागेवर थांबते, क्रँक मात्र फिरतच राहते, आणि वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला ठोकतो. एका टूरवाल्या शेठच्या सगळ्या लोगन आमच्याकडे असायच्या. महिन्याची उधारी, पण काम भरपूर.

त्यातली एक गाडी मुंबई विमानतळाचं भाडं घेऊन जाताना कसारा घाटात बंद पडली. ड्रायव्हरने खाली उतरून परत परत स्टार्टर मारला. जे वाकायचं राहिलं होतं तेही त्याने वाकवलं असणार. टोचन करून गाडी आमच्याकडे आली आणि मागोमाग शेठचा फोन: "गाडी शेवटची तुमच्याकडे होती. इंजिन भरून द्या."

गाडी शेवटची आमच्याकडे होती हे खरं. ऑइल आणि फिल्टर बदलायला! जॉब कार्ड होतं, खाली ड्रायव्हरची सही होती. हेड उतरवलं तर आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले. पट्टा नवा, पाठीवरची छपाईसुद्धा पुसलेली नव्हती, पण एका जागी दात साफ सोललेले. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर हातात घेतला आणि उलगडा झाला: बेअरिंग जाम, धातू निळा पडलेला, ग्रीसचा कोळसा. म्हणजे कुणीतरी नुसता पट्टा बदलून टेन्शनर जुनाच ठेवला होता. त्याच पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंपही जुना. तो पट्टा महामार्गापलीकडच्या चकाचक गॅरेजात, कच्च्या चिठ्ठीवर, आमच्यापेक्षा स्वस्तात पडला होता, हे ड्रायव्हरने मला नंतर चहा पिताना सांगितलं. शेठसमोर तो गप्प होता. ते गॅरेज चालवणारा मुलगा आमच्याकडेच पाना धरायला शिकला. चाचांनी त्याला दोन फेरे शिकवले, किट, म्हणजे पट्ट्याबरोबर टेन्शनरही, पूर्ण टाकायचं शिकवलं. त्यातलं काय घेऊन गेला देव जाणे.

शेठने सगळ्या गाड्या काढून तिकडेच नेल्या आणि मागचं बिल अडकवलं. नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत बोभाटा झाला की आम्ही इंजिन फोडलं. स्पेअरवाल्याने उधारी बंद केली. दोन पोरं सोडून गेली, भिशी मोडून बाकीच्यांचे पगार केले. चाचा त्या दिवाळीनंतर गावी गेले ते गेलेच. शेडला गिऱ्हाईक मिळतंय का, इथपर्यंत माझी चौकशी झाली होती.

त्या दिवसांत निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, आम्ही त्यांना नाना म्हणतो, आपली लोगन घेऊन आले. नानांच्या डॅशबोर्डात एक डायरी असते. ऑक्टोबर छाटणीची तारीख, बोर्डोचं औषध कधी फवारलं, आणि त्याच पानावर गाडीचा पट्टा कधी, किती किलोमीटरला. मी तो निळा टेन्शनर त्यांच्या हातावर ठेवला. फिरवून बघितला, परत दिला, म्हणाले, "माझं किट पूर्ण टाक. पंपासकट. पैसे आधी घे." पुढच्या महिन्यात त्यांच्या भावकीतल्या चार गाड्या आल्या. मग पिंपळगावकडच्या. आमचं गॅरेज उभं आहे ते बागायतदारांच्या जिवावर, टूरवाल्यांच्या नाही.

विषय निघालाच आहे तर सांगतो. पट्टा नुसता किलोमीटरवर मोजू नका, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. गाडीच्या पुस्तकात वर्षंही दिलेली असतात. कॅमचं किंवा क्रँकचं सील गळत असेल तर आधी ते, ऑइल लागलेला पट्टा टिकत नाही. जुनी गाडी घेताना पट्टा बदलल्याचं पक्कं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. आणि साखळीवाल्यांनी हसू नये. स्विफ्ट डिझेलची साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल बदलायला टाळाटाळ केलीत की सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड सुरू होते. ती ऐकून रेडिओचा आवाज वाढवणारे लोक मी पाहिलेत.

शेठचं बिल अजून यायचंय. त्यांच्या गाड्या मात्र अधूनमधून येतात, ड्रायव्हर गुपचूप आणतात. आम्ही काम करतो. कव्हर उघडायच्या आधी रोख.