संक्रांतीचं वाण: स्वस्त, टिकाऊ आणि प्लास्टिकशिवाय

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नागपुरातल्या कुठल्याही मोहल्ल्यात संध्याकाळी हळदीकुंकू असतंच आणि प्रत्येक घरून एक वाण येतं. बहुतेक वेळा प्लास्टिकची डबी, चाळणी नाहीतर साबणदाणी. अशा पाच-सात वस्तू जमल्या की घरात जागा उरत नाही आणि फेकवतही नाही. वाण निवडताना मी एकच बघते: ते रोज हाताशी लागावं, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत वापरून संपावं. चाळीस-पन्नास जणींना लुटायचं तर ते खिशाला परवडलंही पाहिजे.

पहिली पसंती जुन्या सुती साडीच्या पिशवीला. साडी खरंच सुती आहे का, ते आधी बघा. कडेचा एक धागा काढून चिमट्याने धरा आणि जाळा. सुताची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो; सिंथेटिक धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. सिंथेटिक साडीचीही पिशवी होते, पण ती धुतल्यावर बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात, म्हणून वाणासाठी सुतीच घ्या. मग साडी उजेडासमोर धरा. निऱ्यांच्या आणि कमरेच्या भागात कापड विरलेलं असतं. दोन्ही हातांनी ताणल्यावर चर्रकन आवाज आला तर तो भाग पुसण्याच्या फडक्यांना ठेवा. त्यात हौस म्हणून पिशवी शिवू नका, पहिल्याच बटाट्यांना फाटेल.

साडे पाच मीटर लांब आणि साधारण 110 सेंटीमीटर रुंद साडी धड असेल तर 12 पिशव्या निघतात. फॉल काढा, साडी धुऊन इस्त्री करा. रुंदीत 42 सेंटीमीटरचे दोन पट्टे आखा; उरलेली 26 सेंटीमीटरची पट्टी काठाच्या बाजूने ठेवा, कारण काठ घट्ट विणीचा असतो आणि बंदांना तोच लागतो. लांबीत दर 90 सेंटीमीटरवर कापा, म्हणजे 42 बाय 90 चे बारा तुकडे. काठाच्या पट्टीतून 8 बाय 60 सेंटीमीटरचे चोवीस बंद निघतात. प्रत्येक बंद लांबीत चार घड्या घालून दोन सेंटीमीटर रुंद करा आणि दोन्ही कडांनी टीप मारा.

तुकडा मधोमध दुमडायचा, घडी तळाला येते, त्यामुळे तळाला शिवण लागत नाही. बाजू दोनदा शिवा: आधी सुलट बाजू वर ठेवून अर्ध्या सेंटीमीटरवर, मग पिशवी उलटी करून एक सेंटीमीटरवर. कापलेली कड आत बंद होते आणि धागे सुटत नाहीत. हे टाळलं तर चार-सहा धुण्यांत बाजू उसवते. तोंडाशी तीन सेंटीमीटर दुमडून त्यात बंदाचं टोक घाला, कडेपासून दहा सेंटीमीटर आत. तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारा. पिशव्या बहुतेक बंदाच्या टाक्याशीच तुटतात, तेव्हा शिंप्याकडे देणार असाल तर हे मुद्दाम सांगा. तयार पिशवी साधारण 39 बाय 42 ची होते, दोन-तीन किलो भाजी सहज झेलते.

साड्या नसतील तर गांधीबागेतून मांजरपाट आणा, पण कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. नवं कापड आटतं, आणि आटल्यावर शिवण ओढली जाते. "कापडी" म्हणून स्वस्तात मिळणारी पातळ नॉन-वोव्हन पिशवी मात्र घेऊ नका. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकचीच.

पिशवीत काय घालायचं? मेथीदाणे. कुंडीसाठी पोह्याचा एक मोठा चमचा पुरतो. 30 पुड्यांना साधारण 350 ग्रॅम. स्वयंपाकघरातली मेथी चालते, फक्त आधी दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघा. तीन-चार दिवसांत सात-आठ दाण्यांना तरी मोड आले पाहिजेत. वर्तमानपत्राची पुडी करा, कणकेच्या खळीने चिकटवा आणि त्यावर लिहा: रात्रभर भिजवा, ओल्या मातीवर पसरा, पाव इंच मातीने झाका. आपल्याकडे जानेवारीत पेरलेली मेथी महिन्याभरात भाजीला येते. कोथिंबिरीला दीड महिना लागतो आणि फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरचं ऊन तापलं की ती फुलावर जाते. तुळशीचं बी या थंडीत नीट उगवत नाही, ते पाडव्यानंतर. दुकानातलं रंग लावलेलं बियाणं बुरशीनाशकाचं असतं. ते तिळगुळासोबत एका पिशवीत ठेवू नका.

तिळगूळ वर्तमानपत्रात बांधू नका, शाई खाण्याला लागते. पळसाच्या पानांचा द्रोण उत्तम. फार कडक असेल तर वापरण्याच्या दहा मिनिटं आधी पाण्याचा हात फिरवा आणि पुसून घ्या, नाहीतर चिरतो. तो ओला राहिला तर तिळाला ओल सुटते. टाचणीने नव्हे, काडीने जोडलेला घ्या. मातीचं सुगडं द्यायचं असेल तर रंग न दिलेलं; ऑइल पेंटवर खायचं ठेवायचं नाही.

थोडा जास्त खर्च चालत असेल तर केसांची पूड करा. इतवारीत किराण्याचं सामान घाऊक मिळतं. अर्धा किलो शिकेकाई, पाव किलो बी काढलेला रिठा, पाव किलो आवळकाठी. रिठ्याचं बी राहिलं तर मिक्सरचं पातं जातं. सगळं दोन दिवस कडक उन्हात वाळवा. ओलसर असेल तर दळताना चिकटतं आणि नंतर बुरशी धरतं. नाकाला रुमाल बांधून दळा, मिक्सर थांबल्यावर पाच मिनिटं झाकण उघडू नका. चाळून 50 ग्रॅमच्या सतरा-अठरा कागदी पुड्या होतात. पुडीवर "डोळ्यांत जाऊ देऊ नका" हे लिहाच, रिठा फार झोंबतो.

संत्र्याच्या सालींचं फरशी पुसायचं पाणी संक्रांतीच्या वाणापर्यंत तयार होत नाही, कारण त्याला तीन महिने लागतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी मात्र डिसेंबरमध्येच लावून ठेवा: 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, एक लिटर पाणी, दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत. काचेची बाटली नको, वायूने फुटू शकते. पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडा. तीन महिन्यांनी गाळा आणि जुन्या बाटल्यांत भरून द्या. बादलीभर पाण्याला दोन झाकणं पुरतात.